‘या मुलांचं असंच असतं’ असं नसतं

डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ वर्षाचं होत आलं, तरी वजन हलत नाही. चार-चार दिवस शी होत नाही. दिवसभर पेंगुळलेलं असतं, हातपाय गार लागतात. आई काळजीनं घरात विचारते, शेजारी विचारते, कधी दवाखान्यातही विचारते. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं : “अगं, या मुलांचं असंच असतं.”

सांगणाऱ्याला धीरच द्यायचा असतो, हे मान्य. तरीही हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. कारण वर सांगितलेली चारही लक्षणं थायरॉइड कमी पडत असल्याची असू शकतात. ते कळायला रक्ताची एक तपासणी पुरते, आणि निदान झालंच तर रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. एवढं साधं काम त्या एका वाक्यापायी महिनोन्महिने अडून राहतं. पहिल्या दोन-तीन वर्षांतले हे महिने मेंदूच्या घडणीचे असतात. उशिरा सुरू केलेल्या गोळीनं वजन-उंची बरीच भरून निघते, मेंदूचं नुकसान तसं भरून निघत नाही.

या वाक्यात खरं किती, ते आधी पाहू. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणजे बहुतेकांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं. लंडनजवळ काम करणाऱ्या डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी या मुलांचं वर्णन १८६६ मध्ये केलं. कारण सापडायला १९५९ साल उजाडावं लागलं. त्या जादा गुणसूत्राचा परिणाम वाढीवर होतो, यात वाद नाही. जन्मताना ही बाळं इतरांपेक्षा थोडीशीच लहान असतात. साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत उंची वाढण्याचा वेग सगळ्यात जास्त मंदावतो. पुढे वयात येणं बहुधा नेहमीच्याच वेळी होतं, पण त्या काळात एरवी मुलं जशी झपाट्यानं उंच होतात तशी ही होत नाहीत. स्वीडनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या पुरुषांची सरासरी अंतिम उंची १६१.५ सेंटिमीटर आणि स्त्रियांची १४७.५ सेंटिमीटर भरली होती. स्वीडिश लोकांच्या मानानं ही उंची बरीच कमी.

तेव्हा उंची कमी राहणार, हे खरं. पण हळू वाढणं वेगळं आणि वाढ अडकणं वेगळं. मूल वर्गातल्या इतरांपेक्षा बुटकं का, याचं उत्तर डाऊन सिंड्रोम हे असू शकतं. चार महिने वजनाचा काटा जागचा का हलला नाही, याचं उत्तर मात्र ते नव्हे. तिथं दुसरं काहीतरी बिनसलेलं असतं आणि ते शोधावं लागतं.

शोधायचं कुठं, याचीही यादी तयार आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या देखभालीबद्दलच्या सूचना २०२२ मध्ये सुधारून प्रसिद्ध केल्या. त्यांत थायरॉइडची तपासणी जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि त्यानंतर दरवर्षी करा, असं स्पष्ट सांगितलं आहे. लक्षणं दिसोत वा न दिसोत. असं का, हे थोडं समजून घ्यावं. बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सुस्ती, ढिले स्नायू, बाहेर येणारी जीभ, खुंटलेली वाढ ही थायरॉइड कमी असल्याची लक्षणं. आता हीच यादी डाऊन सिंड्रोमच्या वर्णनाशेजारी ठेवून बघा. नुसत्या नजरेनं हे दोन वेगळे काढता येत नाहीत, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. म्हणून तर दरवर्षी रक्त तपासायचं. आपल्याकडे नवजात बाळाची थायरॉइड तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात होतेच असं नाही, त्यामुळे ‘जन्मल्यावर केली असेल’ असं गृहीत धरू नका, कागद पाहा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. या मुलांमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीत मोजलं जाणारं संप्रेरक, किंचित वाढलेलं पुष्कळदा आढळतं आणि अशा प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. काही वेळा थोड्या महिन्यांनी पुन्हा तपासणं एवढंच करायचं असतं. तो निर्णय डॉक्टरांचा. तपासणीच न करणं हा मात्र निर्णय नव्हे, ती हयगय झाली.

दुसरं नाव हृदयाचं. डाऊन सिंड्रोम असलेल्या ४० ते ५० टक्के बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. “डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, आवाज काही नाही म्हणाले, मग इको कशाला?” हा प्रश्न नेहमीचा. जन्मानंतरचे काही आठवडे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब तसाही जास्त असतो. हृदयाच्या पडद्यात मोठं छिद्र असलं तरी दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा, त्यामुळे छिद्रातून रक्त जोरानं वाहत नाही आणि आवाजही येत नाही. म्हणून प्रत्येक बाळाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आवाज ऐकू आला नाही तरी.

पुढच्या आठवड्यांत तो दाब उतरतो आणि खरी लक्षणं दिसू लागतात. बाळ दोन घोट दूध पितं आणि दमतं, पिताना कपाळावर घाम येतो, श्वास भराभर चालतो, वजन वाढत नाही. घरात यावर “अंगात ताकदच कमी, या मुलांचं...” वगैरे सुरू होतं. प्रत्यक्षात बाळ जेवढं दूध पितं त्यातली बरीचशी ऊर्जा श्वास घेण्यात आणि हृदय चालवण्यातच खर्च होत असते. यातला सर्वाधिक क्रूर भाग पुढे आहे. मोठं छिद्र वेळेत बुजवलं नाही, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि टणक होऊ लागतात. तिथला दाब चढला की छिद्रातून जादा रक्त जाणं कमी होतं, बाळाची धाप कमी होते, ते थोडं बाळसंही धरतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, आपोआप सुधारलं! आणि नेमकी त्याच काळात शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. रक्तवाहिन्या कायमच्या टणक झाल्यावर छिद्र बुजवता येत नाही. या मुलांमध्ये विशेष करून आढळणाऱ्या मोठ्या दोषाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात, ती याच कारणानं. ‘जरा मोठं होऊ दे, वजन वाढू दे, मग बघू’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला इतर बाबतींत शहाणपणाचा असेल. इथं तो मुलाच्या जिवावर बेततो.

झोपेकडे तर कुणी आजार म्हणून पाहतच नाही. मूल घोरतं, तर घरात कौतुक, ‘आजोबांवर गेलंय’. डाऊन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग आणि घसा अरुंद असतो, स्नायू ढिले असतात. झोपेत श्वासाची वाट मिटते, श्वास काही सेकंद अडतो, मूल अर्धवट जागं होतं, पुन्हा झोपतं आणि रात्रभर हेच चालतं. निम्म्याहून अधिक मुलांमध्ये हा त्रास आढळतो. बसून पुढे वाकून झोपणं, मान मागे टाकून झोपणं, दिवसा चिडचिड ही त्याची चिन्हं. गाढ झोपेत स्रवणारं वाढीचं संप्रेरक या मुलांना पुरेसं मिळत नाही, आणि श्वासासाठी चाललेल्या झटापटीत अंगी लागलेलं अन्नही जळतं. आई-वडिलांनी पाहिलेलं आणि झोपेच्या तपासणीत दिसलेलं नेहमी जुळत नाही, असं अनुभवाला आल्यानं तीन ते चार वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी करावी, अशी २०२२ च्या सूचनांमधली शिफारस आहे. अनेकांना टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढल्यावर बराच आराम पडतो. सगळ्यांना पूर्ण पडत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा तपासणी लागते.

आणि गहू. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सिलिअॅक नावाचा आजार या मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतो. हा पंजाबकडचा आजार, अशी आपल्याकडे समजूत. पण पोळी महाराष्ट्रातही रोज खाल्ली जाते. पोट फुगलेलं, जुलाब किंवा उलट बद्धकोष्ठता, वजन अडलेलं, हिमोग्लोबिन गोळ्या देऊनही वर येत नाही, असं असेल तर रक्ताची तपासणी मागा. तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला की तपासणी खोटा दिलासा देते. निदान पक्कं झालं, तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही आपली धान्यं आहेतच. मात्र गिरणीत ती गव्हाच्या दळणावर दळली तर उपयोग नाही. उलट, ‘डाऊन आहे ना, मग गहू आणि दूध सरसकट बंद करा’ असं सांगणारेही भेटतात. आजार नसताना ते बंद करून काही साधतं, याला पुरावा नाही. वाढत्या मुलाच्या ताटातलं अन्न तेवढं कमी होतं.

आता वाढीच्या तक्त्याबद्दल. इथं दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पहिली चूक अशी. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मुलाचं वजन-उंची नेहमीच्या तक्त्यावर मांडतात. हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल त्यावर बहुधा तळाच्या रेषेजवळ किंवा तिच्याही खाली दिसतं. मग ‘कुपोषित’ असा शिक्का, आईला बोलणी आणि मुलाच्या तोंडात तूप-साखर, केळं-दूध, बिस्किटं कोंबणं. उंची जितकी वाढायची तितकीच वाढते, वजन मात्र रुंदीत जातं. सेविकेला दोष देत नाही. तिच्या हातात एकच तक्ता असतो. डाऊन सिंड्रोमसाठीचे वेगळे तक्ते आहेत. सध्या जास्त वापरले जातात ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या ६३७ मुलांची मापं घेऊन बनवलेले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले. त्याआधीचे तक्ते १९८८ चे होते. दोन्ही शेजारी ठेवले तर तीन वर्षांखालच्या मुलांची वजनं नव्या तक्त्यात स्पष्टपणे सुधारलेली दिसतात. जादा गुणसूत्र १९८८ मध्येही एकच होतं आणि २०१५ मध्येही एकच. मधल्या काळात उपचार आणि देखभाल सुधारली, तशी मुलंही सुधारली. ‘असंच असतं’ म्हणणाऱ्यांनी या दोन तक्त्यांवर जरा वेळ घालवावा.

दुसरी चूक थोडी शिकलेल्या पालकांची, कधी डॉक्टरांचीही. डाऊनचा तक्ता हाती आला, मूल त्यात मधल्या रेषेवर दिसलं की सगळे निश्चिंत. पण हा तक्ता मुलं कशी वाढतात ते दाखवतो, कशी वाढायला हवीत ते नाही. मापं घेतलेल्या मुलांमध्ये हृदयाचे दोष असलेली मुलं होती, लठ्ठ मुलंही होती. म्हणून या तक्त्यावर मधोमध असलेलं दहा-बारा वर्षांचं मूल प्रत्यक्षात लठ्ठ असू शकतं. दहा वर्षांनंतर लठ्ठपणा ओळखायला सर्वसाधारण मुलांचाच बीएमआय तक्ता जास्त बरोबर ठरतो, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा लहान वयात दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि एका ठिपक्यापेक्षा ठिपक्यांची रेघ बघा. रेघ आपल्या वाटेनं वर जाते आहे की आडवी झाली आहे, हा खरा प्रश्न. त्यासाठी दर भेटीत वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून लिहिलेला हवा. ‘दिसतोय की चांगला’ हे माप नव्हे.

लठ्ठपणाबद्दलही ‘ही मुलं मुळात जाडच असतात’ असं ऐकवलं जातं. ती जाड जन्मत नाहीत. पहिल्या वर्षात तर वजन वाढत नाही हीच तक्रार असते. स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर इतर मुलांपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं, हे मोजलेलं आहे. त्यामुळे तेवढ्याच जेवणात वजन लवकर चढतं. त्यात हालचाल कमी, आणि दया म्हणून दिलेला खाऊ जास्त. येईल तो पाहुणा बिस्किटाचा पुडा घेऊन येतो. ‘बिचाऱ्याला तेवढंच सुख’ हे वाक्य मला ‘असंच असतं’इतकंच खुपतं. त्याला पळायला अंगण द्या, पोहायला न्या, नाच शिकवा.

टॉनिकांवर आणि महागड्या जीवनसत्त्वांच्या पुड्यांवर घरं किती पैसे ओततात, याचा हिशेब नको. ब्रिटनमध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या, सात महिन्यांखालच्या १५६ बाळांवर एक चाचणी झाली. त्यांना अँटिऑक्सिडंट, फोलिनिक आम्ल, दोन्ही मिळून किंवा नुसतंच निष्क्रिय औषध असं वाटून दिलं गेलं. निष्कर्ष २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला : विकासात काहीही फरक नाही. व्यायामाचा मात्र फरक पडतो. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच काही बाळांना घरी छोट्या ट्रेडमिलवर आधार देऊन आठवड्यातून पाच दिवस, रोज आठ मिनिटं चालवलं. दुसऱ्या गटाला ट्रेडमिल नव्हती; दोन्ही गटांची नेहमीची फिजिओथेरपी सुरूच होती. ट्रेडमिलवरची बाळं सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली. घरोघरी ट्रेडमिल आणा असं सांगत नाही. सराव लागू पडतो, एवढाच त्याचा अर्थ. फिजिओथेरपिस्टनं दाखवलेले व्यायाम रोज केले, तर ते वाया जात नाहीत. चाकांचा वॉकर मात्र माळ्यावरून काढू नका. त्यानं चालणं लवकर येत नाही आणि अपघात होतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘जीभ मोठी असते म्हणून बोलता येत नाही’ : तोंडाची पोकळी लहान आणि स्नायू ढिले असल्यानं जीभ बाहेर येते. बोलणं लांबण्यामागे बरेचदा कान असतात. तीन-चतुर्थांशापर्यंत मुलांना कधी ना कधी कमी ऐकू येतं, अनेकदा कानाच्या पडद्यामागे साचलेल्या पाण्यामुळे. ऐकण्याची चाचणी जन्मताना पास झाली म्हणजे कायमची झाली, असं होत नाही. ‘दात आले नाहीत, कॅल्शियम द्या’ : पहिला दात दीड-दोन वर्षांनी येणं या मुलांमध्ये नवीन नाही. ‘ही बाळं अंगावर पिऊ शकत नाहीत’ : अनेक बाळं पितात. मानेला आणि हनुवटीला नीट आधार द्यावा लागतो, वेळ जास्त लागतो. ‘नाजूक आहे, लस नको’ : नाजूक आहे म्हणूनच सगळ्या लशी वेळेवर, आणि फ्लूची दरवर्षी. यांना न्यूमोनिया लवकर गाठतो. ‘वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं द्या’ : सरसकट देण्याची शिफारस नाही. ‘मानेचा एक्स-रे काढून ठेवा’ : लक्षणं नसताना लहानग्यांचा काढून काही कळत नाही. पण चाल अचानक बिघडली, मान दुखू लागली, हातपाय लुळे पडू लागले किंवा शी-शूचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘जास्त जगत नाहीत’ : अमेरिकेत १९८३ मध्ये अशा व्यक्तींचं मृत्यूसमयीचं मध्यम वय २५ वर्षं होतं. आज आयुर्मान ६० च्या आसपास गेलं आहे आणि त्यात हृदयाच्या वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा आहे.

‘आईनं ग्रहण पाळलं नाही’, ‘नात्यात लग्न केलं’, ‘गरोदरपणी पपई खाल्ली’ यांवर एकच वाक्य खर्च करतो : यातल्या कशानंही २१ वं गुणसूत्र तिप्पट होत नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते, हे खरं. पण तरुण वयात बाळंतपणं जास्त होत असल्यानं अशी बहुतेक बाळं ३५ च्या आतल्या आयांनाच होतात. तीन-चार टक्के मुलांमध्ये जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, ते कधी आई किंवा वडील यांच्याकडून आलेलं असू शकतं. म्हणून चेहरा पाहून ‘डाऊन आहे’ म्हणण्यावर थांबू नका, गुणसूत्रांची तपासणी करून घ्या. पुढच्या बाळाचा विचार करताना तो कागद लागतो.

तपासण्यांचा खर्च ही खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. पण २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचं नाव आहे, जन्मजात हृदयदोषाचंही आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना या कार्यक्रमातून तपासणी आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला या कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचारा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता घ्या. जाताना एक फाइल न्या : गुणसूत्रांचा अहवाल, इको, टीएसएच, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी, आणि वजन-उंचीच्या तारखांसह नोंदी. यातला एखादा कागद नसेल, तर त्याच भेटीत ती तपासणी लिहून मागा. टीएसएचसाठी मुलाच्या वाढदिवसाचा महिना धरा आणि दरवर्षी त्याच महिन्यात ते करून घ्या.